पोट धरून रडणारं बाळ: पाजण्यात काय बदलायचं आणि कोणत्या क्रमाने

एका वेळी एकच बदल करायचा आणि तो निदान तीन दिवस तसाच ठेवायचा. बाळ कळवळून रडायला लागलं की घरात नेमकं उलटं होतं. एकाच संध्याकाळी बेंबीभोवती हिंगाचा लेप लागतो, सहाणेवर गुटी उगाळली जाते, मेडिकलमधून ग्राइप वॉटर येतं आणि बाळंतिणीच्या ताटातून उसळ, वांगं, बटाटा गायब होतो. दुसऱ्या दिवशी बाळ थोडं कमी रडलं, तरी ते कशाने हे कुणालाच सांगता येत नाही. बाळंतीण मात्र पुढचे तीन महिने वरण-भात आणि शेपूच्या भाजीवर राहते.

अंगाने भरत असलेलं, एरवी निरोगी बाळ दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यातून तीन दिवसांहून जास्त रडत असेल, तर डॉक्टर त्याला कॉलिक म्हणतात. हे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास सगळ्यात वाढतं आणि तीन-चार महिन्यांत बहुतेक बाळांचं आपोआप थांबतं. पाजण्यातल्या बदलांनी ते पूर्ण थांबेलच असं नाही. पण पोटात जाणारी हवा कमी करता येते आणि तेवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. शिवाय रडताना बाळ हवा गिळतं, त्यामुळे फुगलेलं पोट हा पुष्कळदा रडण्याचा परिणाम असतो, कारण नव्हे.

काहीही बदलण्याआधी दोन दिवस वहीत लिहून ठेवा: किती वाजता पाजलं, कोणत्या बाजूला, रडणं कधी सुरू झालं, कधी थांबलं, दिवसात किती वेळा शू झाली. पहिल्या सहा आठवड्यांत आशाताई ठरलेल्या दिवशी घरी येतात आणि त्यांच्याकडे वजनाचा काटा असतो. प्रत्येक भेटीत वजन करून घ्या. पहिल्या तीन महिन्यांत रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढ होत असेल, तर दूध पुरतंय. मग ‘दूध कमी आहे म्हणून रडतंय’ या शंकेवरून वरचं दूध सुरू करू नका.

आता मुख्य काम: बाळ स्तन कसं धरतं. आमच्या मते निम्म्याहून अधिक लक्ष इथेच द्यायला हवं, कारण हे नीट नसेल तर पुढचे सगळे उपाय वाया जातात. बाळ रडू लागल्यावर पाजायला घेऊ नका. ते मान इकडेतिकडे वळवतं, तोंड उघडतं, मूठ चोखू लागतं, तेव्हाच घ्या. आईने पाठ टेकून बसावं. बाळाचा कान, खांदा आणि कंबर एका रेषेत हवी, पोट आईच्या पोटाला टेकलेलं हवं. मान वळवून प्यावं लागलं तर घोट नीट जात नाही. बाळाचं नाक स्तनाग्रासमोर आणा, स्तनाग्र वरच्या ओठाला लावा आणि थांबा. जांभई दिल्यासारखं मोठं तोंड उघडलं की बाळाला स्तनाकडे आणा, स्तन बाळाकडे नेऊ नका. आधी हनुवटी टेकली पाहिजे.

नीट धरलं असेल तर खालचा ओठ बाहेर वळलेला दिसतो, गाल भरलेले असतात, काळा भाग ओठाच्या वर जास्त आणि खाली कमी दिसतो. एक-दोनदा ओढलं की गिळल्याचा आवाज येतो. ‘टच् टच्’ असा आवाज येत असेल, गाल आत जात असतील किंवा सोडल्यावर स्तनाग्र चपटं, तिरकं दिसत असेल, तर दुधाबरोबर हवा जातेय. तसंच ओढून काढू नका. स्वच्छ करंगळी बाळाच्या ओठाच्या कोपऱ्यातून आत घाला, पकड सुटेल, मग पुन्हा धरायला लावा. नाक दबू नये म्हणून दोन बोटांनी स्तन मागे दाबायची सवय पुष्कळ घरांत शिकवली जाते. त्याने स्तनाग्र तोंडातून निसटतं आणि पकड उथळ होते. त्याऐवजी बाळाचा ढुंगणाकडचा भाग आपल्या अंगाशी आणखी ओढून घ्या, नाक आपोआप मोकळं होतं.

काही आयांना पान्हा इतका जोरात येतो की पहिल्याच मिनिटाला बाळाला ठसका लागतो, ते घटाघटा गिळतं आणि रडत तोंड काढून घेतं. अशा वेळी मागे रेलून बाळाला छातीवर पालथं घेऊन पाजा. किंवा बाळाला बाजूला करून पहिली चिळकांडी दुपट्यात जाऊ द्या आणि जोर ओसरल्यावर पुन्हा लावा. पिळून स्तन रिकामा मात्र करू नका, त्याने दूध आणखी वाढतं.

घड्याळ लावून दहा-दहा मिनिटांनी बाजू बदलू नका. एका बाजूचं दूध बाळ स्वतः सोडेपर्यंत पिऊ द्या, मग दुसरी बाजू द्या. सुरुवातीच्या दुधात स्निग्धांश कमी असतो. दोन्हीकडचं तेवढंच पोटात गेलं, तर त्यातली साखर आतड्यात लवकर पोहोचते, वारा धरतो आणि शी हिरवट, फेसाळ होते. बाजू बदलताना एकदा आणि पिऊन झाल्यावर एकदा ढेकर काढा: खांद्यावर उभं धरून, किंवा मांडीवर बसवून हनुवटीला हाताचा आधार देऊन. पाच मिनिटांत ढेकर आली नाही तर राहू द्या. त्यानंतर १५-२० मिनिटं उभं धरा. झोपवताना मात्र पाठीवरच झोपवा.

वरचं दूध द्यावं लागत असेल तर

डॉक्टरांनी सांगितलेलं पावडरचं दूध असेल, तर आधी मोजमाप तपासा. आपल्याकडच्या बहुतेक डब्यांवर ३० मिलिलिटर पाण्याला एक सपाट चमचा असं प्रमाण असतं, पण आपल्या डब्यावरचंच पाळा. आधी पाणी, मग पावडर. पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आतच वापरा, म्हणजे ते पावडरमधले जंतू मारण्याइतकं गरम असतं. बाटली जोरात हलवली की दुधात बारीक फेस धरतो आणि तोच पोटात जातो. गोलगोल फिरवून विरघळवा, फेस खाली बसू द्या, भांडं थंड पाण्यात धरा आणि मनगटावर थेंब टाकून पाहा. उरलेलं दूध पुढच्या वेळेला ठेवू नका. दर आठवड्याला डबा बदलूनही काही साधत नाही.

शक्यतो बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा बोंडलं बरं. १० मिनिटं उकळलं की ते स्वच्छ होतं, बाटलीच्या बुचाच्या खाचा तशा निघत नाहीत. बाळाला जवळजवळ बसतं धरून चमचा खालच्या ओठाला टेकवा आणि त्याला स्वतः घेऊ द्या. घशात ओतू नका. बाटलीच असेल तर ती जवळजवळ आडवी धरा, बुचाच्या टोकात दूध भरलेलं हवं आणि थोड्या-थोड्या वेळाने थांबा. पाच मिनिटांत बाटली संपत असेल तर भोक मोठं आहे.

कराड, पाटण, खटाव, मिरज, पलूस, कुठेही गोठ्यात म्हैस असली की पाणी घालून ‘हलकं’ केलेलं दूध बाळाला दिलं जातं. वर्षाच्या आत गाई-म्हशीचं किंवा शेळीचं दूध पिण्यासाठी देऊ नका. त्यातली प्रथिनं आणि क्षार बाळाच्या मूत्रपिंडाला जड जातात आणि त्यात लोह फारच कमी असतं. पाणी घातल्याने पोषण घटतं, पचन काही सुधारत नाही.

आईचं ताट

वाटाणा, हरभरा, वांगं खाऊन आईच्या पोटात वारा झाला तरी तो दुधात उतरत नाही. वारा आतड्यात तयार होतो आणि दूध रक्तातून बनतं. म्हणून बाळंतिणीला उपाशी ठेवू नका. बाजरीची-ज्वारीची भाकरी, हळिवाचे लाडू, उसळ, पालेभाजी सगळं चालतं. चहा दिवसाला दोन-तीन कपांच्या पुढे नको. मिश्री मात्र सोडाच. तिच्यातलं निकोटिन दुधात उतरतं. आपल्याकडे बाळंतपणातही मिश्री लावली जाते आणि तिच्याबद्दल कुणी विचारतच नाही.

खरा संशय घ्यायचा तो आईच्या खाण्यातल्या गाई-म्हशीच्या दुधाचा, तोही बाळाच्या शीमध्ये रक्ताची रेघ किंवा शेंब दिसत असेल, अंगावर खाजरे चट्टे असतील किंवा उलट्या होत असतील तर. बालरोगतज्ज्ञांना विचारून दोन आठवडे दूध, दही, ताक, लोणी, तूप, पनीर, खवा पूर्ण बंद करा. त्यात सातारचे कंदी पेढे आणि दुधाचा चहाही आले. ‘घोटभर चालेल’ म्हटलं तर तपासणी फुकट जाते. गाईऐवजी म्हशीचं दूध घेऊनही उपयोग नाही, दोन्हीतली प्रथिनं फार सारखी असतात. कॅल्शियमची गोळी सुरू ठेवा, नाचणी आणि तीळ खा. दोन आठवड्यांत फरक पडला, तर दूध पुन्हा सुरू करून पाहा. त्रास परतला तरच दोष दुधाचा. फरक पडला नाही, तर पहिल्यासारखं खा.

बाळाच्या तोंडात काय घालायचं नाही

सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको. मध वर्षाच्या आत अजिबात नको, त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंनी बोट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारी विषबाधा, होऊ शकतो. गुटीतलं जायफळ आणि वेखंड तान्ह्याला सोसत नाही, सहाण आणि पाण्यातून जंतू जातात ते वेगळंच. हिंग पोटात देऊ नका. बेंबी पूर्ण वाळली नसेल तर लेपही नको. ग्राइप वॉटरने किंवा सिमेथिकोनच्या थेंबांनी कॉलिक कमी होतं असं सिद्ध झालेलं नाही. अंगावर पिणाऱ्या काही बाळांना लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी या उपयोगी जंतूंच्या थेंबांनी रडणं कमी झाल्याचं दिसलं आहे, पण ते डॉक्टरांना विचारून. ओव्या-शेपेची धुरी बाळाच्या खोलीत करू नका.

रडणं चालूच राहिलं आणि तुमचेच हात-पाय थरथरायला लागले, तर बाळाला पाठीवर सुरक्षित ठेवून पाच मिनिटं बाहेर या. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी घेऊ द्या. बाळाला गदागदा हलवायचं नाही, कितीही राग आला तरी.

हिरवी उलटी, कारंज्यासारखी लांब जाणारी उलटी, शीमध्ये रक्त, टणक फुगलेलं पोट, जांघेत सूज, दिवसभरात सहापेक्षा कमी वेळा शू, वजन न वाढणं, दूध ओढायची ताकद नसणं किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १०० च्या वर ताप, यातलं काहीही दिसलं तर ते कॉलिक समजून थांबू नका. रात्र असली तरी १०८ ला फोन करून सातारा, सांगली किंवा मिरजेचं सरकारी रुग्णालय गाठा. शीमध्ये रक्त दिसलं असेल तर तो लंगोट पिशवीत घालून बरोबर न्या, डॉक्टरांना तो पाहायचा असतो.