सेंट स्टीफन्स डे ते फेब्रुवारी: आयर्लंडमध्ये क्लबचा हिवाळी वॉक कसा न्यावा

आयर्लंडमध्ये हिवाळी वॉकचं वेळापत्रक सूर्य ठरवतो. २६ डिसेंबरला, म्हणजे सेंट स्टीफन्स डेला, डब्लिनमध्ये उजाडतं पावणेनऊच्या सुमारास आणि सव्वाचारच्या आत सूर्य मावळतो. हाताशी जेमतेम साडेसात तास. बरेचसे हिलवॉकिंग क्लब नेमका याच दिवशी वॉक ठेवतात. ख्रिसमसच्या जेवणाने पोटं जड असतात, सभासदांबरोबर पाहुणे येतात, त्यातल्या काहींच्या पायात साधे स्नीकर्स असतात. म्हणून वाट सोपी निवडायची आणि तयारी मात्र अवघड वाटेइतकी करायची.

डब्लिनच्या दक्षिणेला असलेल्या विकलोमधला जाउस हा डोंगर (७२५ मीटर) या दिवसासाठी उत्तम. लॉक टे तलावाच्या वरच्या गाडीतळावरून निघायचं, जे. बी. मालोन यांच्या स्मृतिशिळेपासून व्हाइट हिल (६३० मीटर) चढून माथा गाठायचा आणि त्याच वाटेने परतायचं. जाऊन-येऊन साधारण ८ किलोमीटर, चढ सुमारे ३०० मीटर. वेळेचा हिशेब असा करा: अशा मिश्र गटाचा वेग ताशी ३ किलोमीटर धरा, दर १० मीटर चढाला १ मिनिट जोडा आणि थांब्यांचा पाऊण तास वेगळा धरा. एकूण चार तास होतात. साडेदहाला निघालात तर पावणेएकला माथा आणि अडीचला गाडी. एक वाजता गट जिथे असेल तिथून मागे फिरायचं, हे निघतानाच सगळ्यांना सांगून टाका. माथा दहा मिनिटांवर दिसायला लागल्यावर हा नियम सांगितला, तर कुणी ऐकत नाही.

आदल्या संध्याकाळी वाऱ्याचा अंदाज पाहा, आणि तो गावाचा नको, माथ्याचा हवा. पावसापेक्षा वारा जास्त छळतो. वेग दुप्पट झाला की अंगावरचा जोर चौपट होतो. ताशी ६० किलोमीटरच्या पुढे धारेवर तोल सांभाळत चालावं लागतं, ८० चे झोत माणसाला आडवं करतात. डब्लिनमध्ये ५ अंश असेल तर जाउसवर शून्याच्या आसपास असतं. त्यात ५० चा वारा असला की उघड्या कातडीला उणे ८ अंशांसारखी थंडी लागते. म्हणून झाडीतून जाणारी एखादी खालची वाट पर्यायी म्हणून आधीच जाहीर करून ठेवा. मेट एरनने (आयर्लंडच्या हवामान खात्याने) ऑरेंज किंवा रेड इशारा दिला असेल तर वॉक रद्द, त्यावर चर्चा नको. बर्फ पडलेला असेल तर सॅली गॅप या खिंडीकडे जाणारे रस्ते आधी बंद होतात, हेही ध्यानात असू द्या.

गाडीतळावर

सह्याद्रीत पावसाळी ट्रेक केलेल्यांना भिजण्याची सवय असते, पण तिथे भिजलेलं अंग चालता चालता सुकतं. इथे ते सुकत नाही, गार पडत जातं. त्यामुळे जीन्स आणि सुती टी-शर्ट घातलेल्या पाहुण्याला खालच्या छोट्या फेरीत पाठवा. आत लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, त्यावर फ्लीस, सॅकमध्ये वॉटरप्रूफ जॅकेट आणि पँट दोन्ही, हातमोज्यांचे दोन जोड, टोपी, हेडटॉर्च, थर्मासमध्ये गरम चहा. हेडटॉर्च प्रत्येकाकडे हवाच. दुपारी अडीचला परतायचं असलं तरी एक मुरगळलेला घोटा दोन तास सहज खातो. लीडकडे, म्हणजे गट नेणाऱ्याकडे, नकाशा, कंपास, प्रथमोपचार आणि सगळे मावतील असं ग्रुप शेल्टर (तंबूसारखं हलकं कापडी आवरण) असावं.

माणसं मोजा, आकडा मोठ्याने सांगा, सगळ्यांच्या मागे चालणारा बॅकलीड नेमा. एका लीडमागे दहा-बारा पुरेत, जास्त आले तर दोन गट करा. गाडीत मौल्यवान काही ठेवू नका, विकलोच्या गाडीतळांवर काचा फुटतात. आणि कुत्रा नको. डोंगरावर मेंढ्या चरतात. आयर्लंडमध्ये कुणाच्याही जमिनीवरून चालण्याचा सरसकट हक्क नाही, बहुतेक वाटा शेतकऱ्याच्या चांगुलपणावर चालतात, आणि एका कुत्र्यापायी अख्ख्या क्लबला वाट बंद होऊ शकते. गेट जसं असेल तसंच सोडा. कुलूपबंद गेट ओलांडावंच लागलं तर बिजागरीच्या बाजूने ओलांडा, तिथे ते वाकत नाही.

वाटेवर

व्हाइट हिलवर पीटच्या दलदलीतून जुन्या रेल्वे स्लीपरची फळीवाट आहे, वर तारेची जाळी ठोकलेली. जाळी झिजलेली असेल तिथे पहाटेचं दव गोठतं आणि पाय सर्रकन जातो. पाऊल सपाट टाका, अंतर सोडून चाला. फळी टाळून बाजूने चालू नका. तसं चालूनच दलदल दोन्हीकडे उघडी पडत जाते. धुक्यात चकवा लागतो तो पुढे. विकलो वे, म्हणजे खुणा केलेली लांब पल्ल्याची पायवाट, माथ्यावर जात नाही, खांद्यावरून उजवीकडे वळते. लीड गप्पांत असेल तर गट सरळ तिच्यामागे जातो. उतरताना उलटा घोळ: माथ्यावर वाऱ्याकडे पाठ करून चहा प्यायला की दिशा फिरते आणि भलतीच सोंड धरली जाते. माथ्यावरून खांद्यापर्यंतचं बेअरिंग (कंपासवरचा दिशेचा कोन) घरीच काढून कागदावर लिहून ठेवा.

कुणी गप्प झालं, अडखळू लागलं, झिप लावता येईना, बोलणं जड झालं, तर ती हायपोथर्मियाची सुरुवात समजा. शेल्टरमध्ये बसवा, ओले कपडे काढून कोरडे चढवा, खाली सॅक घाला, गोड आणि गरम द्या. थांबूनही सुधारणा नसेल तर ९९९ किंवा ११२ लावा आणि ‘माउंटन रेस्क्यू’ मागा. ग्रिड रेफरन्स (नकाशावरचा जागेचा आकडा), माणसं किती, काय झालंय आणि फोन नंबर, एवढं आधी लिहून मगच फोन करा. रेंज तुटक असेल तर ११२ ला मेसेजही जातो, पण त्यासाठी नंबरची नोंदणी आधी केलेली हवी. शिट्टीचा संकेत म्हणजे मिनिटात सहा फुंकर, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा.

उतरल्यावर

मिन्स पाय (ख्रिसमसची सुकामेव्याची गोड पाय) आणि हॉट व्हिस्की, दोन्ही खालीच. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या फुलतात, उबदार वाटतं आणि शरीर उलट गार पडतं. हॉट व्हिस्की करताना ग्लासमध्ये आधी चमचा ठेवा म्हणजे काच तडकत नाही. मग एक चमचा ब्राऊन शुगर, लवंगा टोचलेली लिंबाची चकती, एक माप व्हिस्की आणि वर उकळतं पाणी. गाडी चालवणाऱ्यांना हेच सगळं व्हिस्की वगळून, आलं घालून द्या. मिन्स पायच्या सारणात मांस नसतं, पण पारंपरिक सारणात सुएट, म्हणजे गाईची चरबी असते. शाकाहारी सभासदांसाठी भाजीच्या तेलाचं सुएट असलेला डबा पाहून घ्या.

जानेवारीनंतर

६ जानेवारीला ‘नॉलिग ना मन’, बायकांचा ख्रिसमस. त्या दिवशी घरकामातून सुट्टी घ्यायची, ही जुनी रीत. क्लबसाठी महिला लीडना पूर्ण दिवस सोपवायला याहून चांगला मुहूर्त नाही.

लांब रात्रींचा खरा फायदा रात्रीच्या नेव्हिगेशनच्या सरावाला होतो. ओळखीचा, कडे नसलेला डोंगर घ्या. चौघांचा गट करा, दर टप्प्याला लीड बदला. टप्पा ५०० मीटरच्या आत ठेवा. ५ अंशांची चूक ५०० मीटरवर तुम्हाला सुमारे ४४ मीटर बाजूला नेते, आणि धुक्यात तेवढं पुरतं. डाव्या पायाची पावलं मोजा: सपाटीवर १०० मीटरला ६० ते ६५, हेदरच्या झुडपांत ७५-८० पर्यंत. आपला आकडा दिवसा मोजून घ्या. धुक्यात हेडटॉर्च कपाळावर ठेवला तर उजेड परत डोळ्यांवर येतो. तो काढून कमरेपाशी हातात धरा. कंपास फोनपासून आणि हातमोज्यांच्या चुंबकी बटणांपासून दूर ठेवा, सुई निमूटपणे फिरते.

लुग्नाक्विला (९२५ मीटर) यासाठी नको. माथा सपाट, आणि दोन बाजूंना नॉर्थ प्रिझन आणि साउथ प्रिझनचे कडे, ज्यांवर बर्फाचे छज्जे साचतात. ग्लेन ऑफ इमालकडून जायचं तर तिथे लष्कराचा गोळीबाराचा पट्टा आहे. सरावाच्या तारखा आधी पाहा, लाल झेंडे असतील तर परत फिरा, आणि वाटेत सापडलेल्या धातूच्या कशालाही हात लावू नका.

केरीतल्या कॅरन्टूहिलवर (१,०३८ मीटर) घळींमध्ये बर्फ घट्ट बसला असेल, तर आइस अॅक्स (बर्फाची कुऱ्हाड) आणि क्रॅम्पॉन (बुटांना लावायचे खिळे) लागतात. ते नुसते सॅकला लटकवून भागत नाही, वापरता यायला हवेत. घसरल्यावर अॅक्सने स्वतःला थांबवण्याचा सराव आधी खाली मोकळं मैदान असलेल्या छोट्या उतारावर करा: पोटावर, पाठीवर आणि डोकं खाली असताना, तिन्ही प्रकारे. हे न जमलेल्या माणसाला डेव्हिल्स लॅडरच्या बर्फाळ घळीत नेऊ नका. ती घळ आधीच सैल दगडांची आहे, आणि वरून सुटलेला दगड खालच्यांना चुकवायला जागा देत नाही.