हिवाळ्यात ड जीवनसत्त्व कसं मिळवावं: आधी स्वतःची सावली बघा

थंडी पडली की घरोघरी एकच सल्ला ऐकू येतो: सकाळी कोवळ्या उन्हात बसा, व्हिटॅमिन डी मिळतं. ते ऊन अंगाला छान वाटतं, आजी-आजोबांच्या आखडलेल्या सांध्यांना ऊब देतं, पण ड जीवनसत्त्व त्यातून जवळजवळ काहीच मिळत नाही. रोज सकाळी आठ वाजता मनोभावे उन्हात बसणाऱ्या माणसांचाही रक्ताचा रिपोर्ट कमी येतो आणि मग त्यांना आपलंच काहीतरी चुकलं असं वाटत राहतं. चुकलेली असते फक्त वेळ.

आपली त्वचा ड जीवनसत्त्व बनवते ते सूर्यप्रकाशातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील-ब (यूव्ही-बी) किरणांमुळे. सूर्य खाली असताना हे किरण वातावरणाचा लांब, तिरका रस्ता कापत येतात आणि वाटेतच शोषले जातात. उन्हाच्या उबेचा इथे संबंध नाही. १९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की या डॉक्टरांनी मुडदूस (हाडं मऊ पडून वाकण्याचा आजार) झालेल्या मुलांना अतिनील दिव्याखाली ठेवलं आणि त्यांची हाडं सुधारली. काम किरणांनी केलं होतं.

पायरी १: सावली मोजा

घड्याळापेक्षा ही खूण भरवशाची आहे. मोकळ्या जागी उभे राहा. तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा लहान असेल तर ते ऊन कामाचं. सावली लांबलचक असेल तर ते फक्त शेकायला चांगलं.

डिसेंबरच्या शेवटी पुण्या-मुंबईत सावली उंचीपेक्षा लहान होते ती साधारण साडेअकरा ते दीडच्या दरम्यान. कोल्हापूर-गोव्याकडे हा वेळ थोडा जास्त मिळतो. नागपूरला मात्र भर दुपारीही सावली जेमतेम उंचीएवढीच असते, तीही बाराच्या आसपास. जानेवारी सरत आला की सगळीकडेच ही वेळ वाढत जाते.

एप्रिल-मेमध्ये दुपारी बारा वाजता उन्हात बसा असं कुणाला सांगायची सोय नाही. हिवाळ्यात ते ऊन सोसवतं, आणि म्हणून आपल्याकडे हिवाळा ही खरं तर ड जीवनसत्त्वाची भरपाई करून घेण्याची संधी आहे. पावसाळ्यातले ढगाळ महिने नुकतेच संपलेले असतात, त्यामुळे ती भरपाई गरजेचीही असते.

पायरी २: जागा शोधा

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची खरी अडचण ही आहे. हिवाळ्यात दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळे दक्षिणेकडच्या गॅलरीत हवं ते ऊन येतं, पूर्वेच्या गॅलरीत फक्त सकाळचं. समोर उंच इमारत असेल तर गच्ची किंवा सोसायटीचं आवार गाठा.

काच मध्ये नको. खिडकीची काच अतिनील-ब किरण अडवते, त्यामुळे बंद खिडकीतून आलेल्या किंवा गाडीत बसून अंगावर घेतलेल्या उन्हाचा उपयोग नाही. धुरकट हवेतही हे किरण कमी पोचतात.

पायरी ३: अंग उघडं ठेवा, चेहरा सावलीत

स्वेटर, पूर्ण बाह्या, पायघोळ कपडे आणि डोक्यावरून पदर घेऊन उन्हात तासभर बसलं तरी त्वचेपर्यंत किरण पोचतच नाहीत. बाह्या कोपराच्या वर दुमडा, पाय गुडघ्यापर्यंत उघडे ठेवता आले तर उत्तम. चेहऱ्याची त्वचा लहानशी आणि नाजूक, म्हणून सूर्याकडे पाठ करून बसा, डोक्यावर टोपी घाला.

किती वेळ? आपल्या सावळ्या-गव्हाळ वर्णाला हिवाळ्यात सर्वसाधारणपणे अर्धा ते पाऊण तास, आठवड्यातून चार-पाच दिवस. वर्ण जितका गडद तितका वेळ जास्त लागतो. साठीनंतर त्वचेची ही क्षमता कमी होते, म्हणून ज्येष्ठांनी केवळ उन्हावर विसंबू नये. त्वचा चुरचुरायला लागण्याआधी उठा. जास्त वेळ बसून जास्त फायदा होत नाही, कारण ठरावीक मर्यादेनंतर त्वचेत तयार झालेला माल उन्हातच दुसऱ्या निरुपयोगी पदार्थांत बदलत जातो. त्याच कारणाने नुसत्या उन्हामुळे ड जीवनसत्त्व अति होत नाही.

हा वेळ वेगळा काढायचा म्हटलं की राहून जातो. मेथी निवडायला, मटार सोलायला गच्चीवर जा. ऑफिसात डबा खाऊन झाल्यावर जिन्यात गप्पा मारण्याऐवजी बाहेर चक्कर मारा. घरातल्या बायकांना दुपारी बाराला स्वयंपाकघरातून मोकळं करणं ही घरातल्या बाकीच्यांची जबाबदारी आहे, हे मला मनापासून सांगायचं आहे. उन्हात सगळ्यात कमी जाणारी माणसं बहुतेकदा त्याच असतात.

ल्युपससारखा, उन्हाने बळावणारा आजार असेल किंवा उन्हाने त्रास होणारी औषधं चालू असतील तर ही पायरी डॉक्टरांना विचारूनच.

पायरी ४: ताटाकडून माफक अपेक्षा ठेवा

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना रोज ६०० युनिट ड जीवनसत्त्व लागतं. भाजी, डाळ, भाकरीतून ते जवळपास मिळत नाही. अंड्याच्या एका बलकात साधारण ४० युनिट असतात. पांढरं खाऊन पिवळं टाकून देणाऱ्यांना तेही मिळत नाही. बांगडा, तारली यांसारखे तेलकट मासे हा खरा चांगला स्रोत, तेव्हा किनारपट्टीवरच्या लोकांनी ते आठवड्यातून दोन-तीनदा जरूर खावेत.

शाकाहारी लोकांनी दुधाची पिशवी उलटून बघावी. निळ्या रंगात ‘प्लस एफ’ची खूण असेल तर त्या दुधात ड जीवनसत्त्व घातलेलं असतं, लिटरला २०० ते ३०० युनिट. म्हणजे पेलाभर दुधातून ४० ते ६०. हीच खूण तेलाच्या पिशवीवरही बघा. मशरूम आवडत असतील तर चिरून दुपारच्या उन्हात तासभर पसरून ठेवा आणि मग शिजवा. त्यांच्यातही उन्हामुळे ड जीवनसत्त्व तयार होतं.

पायरी ५: बाळाला थेंब द्या

तेल लावून बाळाला सकाळच्या उन्हात ठेवायची रीत प्रेमाची आहे, ती चालू ठेवायला हरकत नाही. पण आईच्या दुधात ड जीवनसत्त्व फार कमी असतं आणि कोवळ्या उन्हाने ते भरून निघत नाही. म्हणून बालरोगतज्ज्ञ बाळ एक वर्षाचं होईपर्यंत रोज ४०० युनिटचे थेंब देतात. ते बंद करू नका. आणि बाळाला थेट दुपारच्या उन्हात ठेवू नका.

पायरी ६: दूर उत्तरेला राहत असाल तर गोळी घ्या

लंडनमध्ये डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर असतो. तिथे ऑक्टोबर ते मार्च कितीही उन्हात उभं राहिलं तरी पुरेसं ड जीवनसत्त्व तयार होत नाही, म्हणून ब्रिटनचं सरकार त्या काळात सगळ्यांनाच रोज ४०० युनिट घ्यायचा विचार करायला सांगतं. गडद वर्णाच्या लोकांना तर वर्षभर. मुलं तिकडे शिकायला गेली असतील तर फोनवर जेवणाबरोबर हेही विचारा.

पायरी ७: ड जीवनसत्त्वाच्या पावडरचं पाकीट डॉक्टरांना विचारूनच

जिना चढताना मांड्यांत त्राण नसणं, जमिनीवरून उठायला आधार लागणं, हाडं दुखणं असं काही असेल तर डॉक्टरांना भेटा. ते रक्तातलं ड जीवनसत्त्व मोजणारी ‘२५-हायड्रॉक्सी’ ही तपासणी सांगू शकतात. मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमच्या खालचा आकडा सामान्यतः कमी मानतात. काही त्रास नसताना दरवर्षी ही तपासणी करायची गरज नाही.

६०,००० युनिटचं पाकीट बहुधा आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच घ्यायचं असतं. ते दुधातून किंवा पोटभर जेवणानंतर घ्या, कारण ड जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थांबरोबर नीट शोषलं जातं. धोका पुढे असतो. बरं वाटलं म्हणून जुनी चिठ्ठी दाखवून महिनोन्‌महिने पाकिटं आणली जातात, कधी आठवड्याचं पाकीट रोज घेतलं जातं. उन्हाला शरीर स्वतः आवर घालतं, गोळीला तसा आवर नाही. रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. मुतखडा किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी तर पहिलं पाकीटही विचारल्याशिवाय घेऊ नये.

पाकिटं चालू असताना मळमळ, सारखी तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठता किंवा गोंधळल्यासारखं वाटू लागलं तर ती लगेच थांबवा आणि रिकामं पाकीट बरोबर घेऊनच त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.