जुन्या गाडीचा शेड जुळवताना

कोल्हापूरच्या उद्यमनगरात डेंटिंग-पेंटिंगच्या कामाला लागलो तेव्हा वर्षभर माझ्या हातात स्प्रे गन आलीच नाही. बादली, पाणी आणि पत्रा घासायचा वॉटर पेपर. ते बरंच झालं. पत्र्याचा चढउतार डोळ्यांना दिसायच्या आधी बोटांना कळतो. आता आयटीआयमधून ऑटो बॉडी पेंटिंग शिकून आलेली पोरं पहिल्याच आठवड्यात विचारतात, "रंगाचा कोड बघून डबा आणला, तरी शेड का लागत नाही?" हे त्यांच्यासाठी.

कोड म्हणजे गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवसाचा रंग. शेवटची मारुती ८०० सुद्धा २०१४ सालची, तिनंही दहावर उन्हाळे खाल्लेत. बोनेट आणि टप जास्त उडालेले, दारं त्याहून कमी, डिकीच्या आत मात्र जवळपास मूळचा रंग. एकाच गाडीवर तीन शेड! म्हणून आधी शेजारचं पॅनल रबिंग कंपाउंडनं वीतभर साफ करा. मेलेला थर निघाल्यावर जो रंग दिसेल तोच जुळवायचा. पेट्रोल टाकीचं झाकण मिक्सिंगवाल्याकडे नेणार असाल तर तेही पॉलिश करूनच न्या.

प्रीमियर पद्मिनीचं वेगळं. कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी आपल्या दारात येईपर्यंत तिच्यावर तीन-चारदा रंग चढलेला असतो. मूळ शेड बघायचा तर डिकीतलं मॅट उचला, दाराचं बीडिंग सोडवून खाली बघा. मग एका झाकल्या कोपऱ्यात थिनरचा बोळा चोळा. बोळ्याला रंग लागला तर बहुधा खाली जुना ड्यूको, म्हणजे एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग आहे. त्यावर थेट टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा रंग, मारलात तर खालचा थर उचलतो, सुरकुत्या पडतात आणि पत्र्यापर्यंत खरवडत बसावं लागतं.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते सिल्व्हर रंगानं. एका निवृत्त गुरुजींच्या ८००चं डावं दार केलं होतं. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली मीच शेड पास केला. सकाळी गुरुजींनी गाडी उन्हात घेतली. समोरून ठीक दिसत होती. मग ते बंपरपाशी जाऊन उभे राहिले आणि तिथून तिरकं बघितलं. दार काळपट, फेंडर उजळ. ते एवढंच म्हणाले, "अहो, दार दुसऱ्या गाडीचं वाटतंय." खरंच तसं वाटत होतं.

सिल्व्हरसारख्या मेटॅलिक रंगात अॅल्युमिनियमचे बारीक कण असतात. रंगाचा हात ओला पडला की ते खाली बसतात आणि रंग गडद होतो. गन लांब धरली, हवा वाढवली की शेड उजळतो. डबा एकच, पण दोन कारागिरांचे दोन रंग. तेव्हापासून गाडीवर जी गन, जी हवा वापरणार त्याच सेटिंगनं पत्र्याच्या तुकड्यावर नमुना मारतो, वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर, चढवतो, पूर्ण सुकू देतो आणि सकाळच्या उन्हात गाडीला लावून दोन्ही बाजूंनी बघतो. तरी उरलेला फरक शेजारी विरवायचा: बेस कोट, म्हणजे क्लिअरखालचा रंगाचा थर, फेंडरवर नि मागच्या पॅनलवर फिका करत न्यायचा, क्लिअर मात्र तिन्हींवर पूर्ण. गुरुजींचं तीन पॅनलचं काम एकाच्या पैशात करून दिलं, कारण हे विरवणं, म्हणजे ब्लेंडिंग, लागेल हे मीच आधी सांगायला हवं होतं.

गिऱ्हाइकाशी बोलताना हीच गोष्ट सांभाळा. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पॅनलवर फिरवा. जिथे पकड सुटते तिथे खाली जाड लांबी (पुट्टी) आहे. ते मालकासमोरच दाखवा. गंज उघडल्याशिवाय कळत नाही, म्हणून कागदावर लिहा: सडका पत्रा निघाला तर फोटो पाठवून, विचारून, मगच पुढचं काम. विमा असेल तर साध्या पॉलिसीत रंगाच्या मालावर ५० टक्के घसारा कापतात, तेही आधी सांगा. गाडीचा रंगच बदलायचा असेल तर आरटीओकडे आरसीवर नोंद लागते.

आणि मास्क. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्यानं दमा जडतो आणि एकदा जडला की थोड्याशा वाफेनंही छाती भरते. तोंडाला रुमाल बांधून ते अडत नाही. मालक देत नसेल तर पहिल्या पगारातून कार्ट्रिजचा मास्क घ्या, मोबाइल नंतर.

उरलेला बेस फेकू नका. घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा, वर गाडीचा नंबर, तारीख आणि कुठला टिंटर (मिसळायचा मूळ रंग) किती ग्रॅम पडला ते लिहा. गुरुजींचा मुलगा मागच्या वर्षी बंपर घासून आला. बाटली काढली, हलवली, नमुना मारला. शेड थोडा सरकला होता, पण कोडपेक्षा कितीतरी जवळ होता. अर्ध्या तासात जुळला.