लहानग्यांचे शैक्षणिक कॉम्प्युटर गेम : या चुका टाळा

पडद्यावर तीन फुगे आहेत : लाल, पिवळा, निळा. आवाज येतो, "पिवळा फुगा फोड." चार वर्षांचं मूल आधी लालवर क्लिक करतं, मग निळ्यावर आणि शेवटी पिवळ्यावर. टाळ्या वाजतात, चांदणी मिळते, पुढची लेव्हल उघडते. शेजारच्या खोलीत आईबाबांना ऐकू येतात फक्त टाळ्या. रंग ओळखता यायला लागले म्हणून ते खूश.

पूर्वप्राथमिक वयाच्या गेममधली सगळ्यात मोठी फसगत हीच. चांदण्यांवरून गेम किती पुढे गेला एवढंच कळतं. तीनच पर्याय असतील तर प्रश्न न ऐकता क्लिक करणाऱ्याचंही साधारण तीनातलं एक उत्तर पहिल्याच फटक्यात बरोबर येणार. शिवाय चुकल्याने काहीच बिघडत नसेल, तर ओळीने सगळीकडे क्लिक करत सुटणं हा मुलाच्या दृष्टीने शहाणपणाच म्हणायचा.

काही गेममध्ये तर चुकण्यातच जास्त मजा असते. उत्तर बरोबर आलं तर नुसती घंटा वाजते. चुकलं की बेडूक धपकन पाण्यात पडतो. मग मूल मुद्दाम चुकणार नाही तर काय करेल? म्हणून गेम मुलाच्या हातात देण्याआधी स्वतः बसून पाच-सहा उत्तरं मुद्दाम चुकीची द्या. गेम शांतपणे प्रश्न पुन्हा ऐकवतो का, पर्यायांच्या जागा बदलतो का, ते बघा. बेडूकच भाव खाऊन जात असेल तर तो गेम काढून टाका, चित्रं कितीही गोड असली तरी.

शिकलं की नाही, हे पडद्याबाहेर तपासा. आकड्यांच्या गेममध्ये ‘पाच’ला टाळ्या मिळवणाऱ्या मुलासमोर मूठभर बटणं ठेवा आणि म्हणा, "मला पाच दे." पुष्कळ मुलं एक ते दहा घडाघडा म्हणतात आणि मूठभरून जेवढी येतील तेवढी बटणं देतात. मोजताना शेवटी उच्चारलेला आकडा म्हणजे एकूण संख्या, हे उमगणं ही वेगळी पायरी आहे. गेलमन आणि गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये मोजणीची जी तत्त्वं मांडली, त्यांतलं हे एक. बटणं मोजून देता येत नसतील तर मोठ्या आकड्यांची लेव्हल उघडण्यात काही अर्थ नाही, गेमने ती आपणहून उघडली असली तरी.

अडतंय कुठे, हातात की समजण्यात?

"त्याचं लक्षच नसतं," "ती लगेच चिडते," अशा तक्रारींमागे कित्येकदा माउस असतो. पडताळा सोपा आहे. माउस बाजूला ठेवा आणि मुलाला उत्तर बोटाने दाखवायला सांगा. बोट बरोबर जागी जात असेल तर मुलाला विषय समजलाय, अडलाय तो हात.

बटण दाबून ठेवून चित्र ओढत न्यायचं आणि नेमक्या जागी सोडायचं, हे या वयाला जड जातं. बोट मध्येच सुटतं, चित्र मूळ जागी परत जातं आणि मूल रडकुंडीला येतं. सुरुवातीला नुसत्या क्लिकवर चालणारे गेम द्या. सेटिंगमध्ये जाऊन पॉइंटरचा वेग कमी करा, आकार वाढवा. लहान आकाराचा माउस मिळाला तर उत्तम. लॅपटॉपचा टचपॅड मात्र या वयात नकोच. खुर्चीत पाय लोंबकळत असतील तर पायांखाली काहीतरी ठेवा. शरीर स्थिर नसलं की हातही स्थिर राहत नाही.

टॅबलेटची तऱ्हा वेगळी. मूल तो दोन्ही हातांनी धरतं, अंगठा किंवा तळवा कडेला टेकतो, तोही स्पर्श मोजला जातो आणि गेम "हलतच नाही". टॅबलेट स्टँडवर ठेवला की बहुतेक वेळा एवढ्याने भागतं. मूल सारखं गेममधून बाहेर पडत असेल तर आयपॅडवर ‘गायडेड ॲक्सेस’ आणि अँड्रॉइडवर ‘ॲप पिनिंग’ सुरू करा.

विंडोजच्या कॉम्प्युटरवर मध्येच ‘स्टिकी कीज’ची खिडकी उघडत असेल तर घाबरू नका, शिफ्टची कळ ओळीने पाच वेळा दाबली गेली आहे. ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये तो शॉर्टकट बंद करता येतो. मुलासाठी वेगळं खातं उघडलंत तर तुमच्या फायलीही वाचतील.

‘3+’ म्हणजे तिसऱ्या वर्षाचा अभ्यास नव्हे

ॲप स्टोअरवरचा 4+ किंवा प्ले स्टोअरवरचा 3+ हा शिक्का, आत आक्षेपार्ह काही नाही, एवढंच सांगतो. गेम सोपा की अवघड, याच्याशी त्याचा संबंध नाही. हे लक्षात न घेता वाचता न येणाऱ्या मुलाला लेखी सूचनांचा गेम दिला जातो. सूचना बोलून दिल्या जातात का, आणि त्या मुलाच्या बोलण्यातल्या भाषेत आहेत का, हे आधी बघा.

फुकट गेमबद्दल जरा जास्तच संशय ठेवा. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच्या 135 ॲपचा एक अभ्यास 2019 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यांतल्या 129 ॲपमध्ये या ना त्या प्रकारची जाहिरात होती. कुठे खेळ थांबवून व्हिडिओ येतो, तर कुठे गेममधलं पात्रच काहीतरी विकत घ्यायला सुचवतं. या वयाच्या मुलाला जाहिरात आणि खेळ यांतली सीमा कळत नाही. मुलांनी पालकांच्या परवानगीशिवाय केलेल्या खरेदीच्या प्रकरणात 2014 साली ॲपलला किमान 3 कोटी 25 लाख डॉलर ग्राहकांना परत करायचं कबूल करावं लागलं होतं. तेव्हा प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावा आणि इंटरनेटशिवाय चालणारा गेम असेल तर नेट बंद करूनच द्या.

जाहिरातीविना, खरोखर मोफत गेमही आहेत. ‘जीकॉम्प्री’ 2 ते 10 वर्षांसाठी आहे आणि त्यात काठिण्य पातळीनुसार खेळ गाळून घेता येतात. ‘टक्स पेंट’ हा चित्रं काढायचा प्रोग्रॅम 2002 पासून आहे. त्यात बरोबर-चूक काही नसतं, म्हणून माउसची सवय व्हायला मला तोच सगळ्यात बरा वाटतो.

वेळ आणि रडारड

"शैक्षणिक आहे, मग चालतंय की!" असं म्हणून हा वेळ हिशेबातच धरला जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 2 ते 4 वर्षांच्या मुलांनी बसून पडदा बघण्याचा वेळ दिवसाला जास्तीत जास्त एक तास असावा, कमी असेल तर आणखी चांगलं. वर्षाच्या आतल्या बाळांना पडदा नकोच. त्या तासात कार्टूनही आलं आणि गेमही.

बंद करताना होणाऱ्या आकांताचं कारण बऱ्याचदा गेमच्या रचनेत असतं. एक लेव्हल संपते न संपते तोच दुसरी आपोआप सुरू होते, थांबायला जागाच नाही. त्यात आपण म्हणतो, "पाच मिनिटांत बंद कर." चार वर्षांच्या मुलाला पाच मिनिटं म्हणजे किती, हे ठाऊक नसतं. "हे कोडं आणि अजून एक" हे मात्र कळतं. वेळ संपत आली की शेजारी जाऊन बसा, शेवटचं कोडं दोघं मिळून सोडवा आणि बंद करायचं बटण मुलालाच दाबू द्या.