जुन्या कीबोर्डचा नवा बोर्ड बनवताय? या चुका टाळा

कुणी ना कुणी विचारतंच, दादा कीबोर्डचा आतला सर्किट बोर्ड गेलाय, नवीन डिझाइन करायचाय, फाईल आहे का. माझा पहिला प्रश्न, भावा बोर्ड खरंच गेलाय का? बऱ्याचदा दोन-चार ट्रॅक, म्हणजे बोर्डवरच्या तांब्याच्या रेघा, कुजलेले असतात, पातळ वायर टाकली की काम झालं. मीटर न लावता डायरेक्ट किकॅड (बोर्ड डिझाइनचं सॉफ्टवेअर) उघडून बसणाऱ्यांना काय म्हणायचं.

माझ्यावर ती वेळ आली बीबीसी मायक्रो या जुन्या ब्रिटिश कॉम्प्युटरमुळं. 1984 ला सरकारनं शाळांत कॉम्प्युटर शिकवायला क्लास नावाचा प्रकल्प काढलेला, त्यात हीच मशिनं होती, आणि मला एक मिळालं अडगळीतनं, पण 2019 च्या पुरात कीबोर्ड दोन दिवस पाण्यात. तांबं हिरवंगार, ट्रॅक नखानं निघायला लागले. स्विच धुऊन वाळवून चालले, बोर्ड मात्र संपला.

आता सगळ्यात मोठी चूक, जी मी स्वतः केली. एका बटणाच्या मध्यापासून शेजारच्याच्या मध्यापर्यंत अंतर 19.05 मिमी असतं, म्हणजे बरोबर पाऊण इंच. मी स्टीलच्या पट्टीनं मोजलं, 19 आलं, 19 टाकलं. म्हटलं 0.05 नं काय होतंय. होतंय की! पहिलं बटण बरोबर, दुसरं 0.05 नं सरकलं, तिसरं 0.1, आणि असं करत पंधराव्या बटणापर्यंत 0.7 मिमीचा फरक. डावीकडनं स्विच लावत गेलो, सात-आठ बसले, पुढं पिना वाकायला लागल्या, तरी मी दाबतोय, कारण बोर्ड चुकीचा असेल हे मान्यच होईना. पाच बोर्ड मागवलेले, पाची गेले. उद्यमनगरात, म्हणजे आमच्याकडच्या कारखान्यांच्या भागात, लेथवर बसणाऱ्या दोस्ताला सांगितलं तर त्यानं आधी शिव्या घातल्या, मग बारीक मापाचा व्हर्नियर कॅलिपर दिला. मायक्रॉनवर भांडणारी माणसं राहतात त्या गावात मी पट्टी घेऊन बसलेलो.

तेव्हापासनं माझी सवय अशी: एकेक बटण मोजायचं नाही. ओळीतल्या पहिल्या आणि शेवटच्या सारख्या मापाच्या बटणांचं मध्यापासून मध्यापर्यंत अंतर घ्यायचं आणि मधे जितके गॅप तितक्यानं भागायचं. मग डिझाइनची प्रिंट काढायची, शेजारी 100 मिमीची एक रेघ टाकून, कारण झेरॉक्सवाला न विचारता पानाला फिट करून छोटं करतो. प्रिंट पुठ्ठ्याला चिकटवून, सुईनं भोकं पाडून, सगळे स्विच खोचून बघायचे. सगळे म्हणजे सगळे, चार कोपऱ्यांचे नाही. अर्धा दिवस जातो. जाऊ दे.

मागच्या, सोल्डर केलेल्या बाजूचा फोटो काढून त्यावरनंच डिझाइन केलं तर बोर्ड आरशातला येतो. हसू नका, रोज कुणीतरी करतंय.

डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) घालणाऱ्यांसाठी थोडं जास्त. मूळ बोर्डवर एकेका बटणाला डायोड नव्हते, हल्ली सगळेच घालायला बघतात, तीन-चार बटणं एकदम दाबली की भलतंच अक्षर येऊ नये म्हणून. हरकत नाही, पण डोळे झाकून 1एन4148 हा साधा डायोड लावू नका. बटणं ओळी-कॉलमच्या जाळीत, म्हणजे मॅट्रिक्समध्ये, जोडलेली असतात. 7445 ही चिप एकेक कॉलम शून्य व्होल्टकडं खेचते, तिचंच थोडं व्होल्टेज उरतं, वर डायोडचे 0.6 ते 0.7 व्होल्ट, आणि पुढची 74एलएस चिप 0.8 पर्यंतच शून्य मानते. आज चालेल, उद्या मधेच बटण घेणार नाही, आणि तुम्ही स्विच बदलत बसाल. शॉटकी डायोड लावा, त्यात व्होल्टेज कमी उरतं, आणि डायोडवरच्या पट्टीची बाजू कॉलमकडं. नाहीतर मूळ होतं तसंच ठेवा, मी तसंच ठेवलं.

ब्रेक बटण मॅट्रिक्समध्ये टाकू नका, ते सरळ रिसेटला जातं. खाली उजव्या कोपऱ्यातल्या आठ लिंका (जोडायच्या-तोडायच्या छोट्या वायरी) विसरू नका, चालू होताना स्क्रीनचा कुठला मोड येणार ते तिथनं ठरतं. कीबोर्ड कॉम्प्युटरला जोडणाऱ्या 17 वायरींच्या रिबनची पहिली पिन जुन्या बोर्डवर मार्कर मारून ठेवा.

आणि जुना बोर्ड लगेच भंगारात टाकू नका. माझा अजून टेबलाखाली आहे, परवाच एक ट्रॅक कुठं जातो ते बघायला काढला.