वेल्डिंग मशीन घेण्याआधी घरातली लाईट मोजा

खान्देशात वेल्डिंग शिकणाऱ्याला कामाची वानवा नाही. वखराची पास झिजते, ट्रॉलीचा फाळका निखळतो, गोठ्याच्या गेटाची कडी तुटते. गावात वेल्डर एकच, आणि तो सणावाराला सापडत नाही. म्हणून बरेच जण स्वतःच मशीन घ्यायचं ठरवतात, आणि ठरवलं की थेट दुकान गाठतात. तिथंच थांबा. पहिली खरेदी मशीनची करू नका, मल्टिमीटरची करा, म्हणजे लाईटीचे व्होल्ट मोजायच्या यंत्राची. तीन-चारशे रुपयांत मिळतो.

दुकानात विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, '200 अँपिअरचं घ्या, सगळं चालतं.' मलाही तेच सांगितलं होतं. पण मशीनवर लिहिलेले अँपिअर हे मशीनमधून बाहेर येणारे असतात. ते बाहेर यायला बोर्डातून आत किती जावं लागतं, हे कुणी सांगत नाही. आपल्याकडे 12 नंबरचा रॉड म्हणतात तो साधारण अडीच एमएमचा. तो 80 अँपिअरवर चालवला, तर साधं सिंगल फेज इन्व्हर्टर मशीन (हलकं, इलेक्ट्रॉनिक सर्किटचं वेल्डिंग मशीन, घरातला बॅटरीचा इन्व्हर्टर नव्हे) लाईनीतून 14-15 अँपिअर ओढतं. 10 नंबरचा, म्हणजे 3.15 एमएमचा रॉड 110 वर लावला की हाच आकडा 20 च्या आसपास जातो. घरात मोठ्यात मोठं सॉकेट 16 अँपिअरचं. म्हणजे घरच्या लाईटवर तुमचा रॉड 12 नंबरचा, हे आधीच ठरलेलं आहे. शिकायला तोच बरा, त्यामुळे यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

आता खरा सापळा. तो नीट समजून घ्या, कारण मी यात फार दिवस अडकलो होतो. मीटरपासून पडवी लांब, म्हणून दीड एमएमच्या वायरचं तीसेक मीटरचं एक्स्टेन्शन टाकलं जातं. त्यातून 20 अँपिअर ओढले की जाता-येता मिळून जवळपास 15 व्होल्ट वायरीतच संपतात. त्यात गावातली संध्याकाळची लाईट आधीच पडलेली. माझ्याकडे मोकळ्या सॉकेटवर मल्टिमीटर 200 व्होल्ट दाखवायचा आणि आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाची ठिणगी, पेटला की 170 च्या खाली यायचा. बऱ्याच मशीनवर '230 व्होल्ट, अधिक-उणे 15 टक्के' असं छापलेलं असतं. म्हणजे साधारण 195 च्या खाली कंपनीचीच हमी नाही.

याचा परिणाम हातात कसा दिसतो ते सांगतो. रॉड टेकवला की चिकटतो. ओढून सोडवला की टोकाचा फ्लक्स, म्हणजे रॉडवरचा लेप, गळून पडतो, पुढच्या वेळी उघडी तार टेकते आणि आणखी चिकटते. आपण अँपिअरचा नॉब वाढवतो. नॉब वाढवला की मशीन लाईनीतून जास्त ओढतं, वायरीत जास्त व्होल्ट पडतात, आणि कमी व्होल्टवर तीच ताकद द्यायला इन्व्हर्टर आणखी ओढतो. शेवटी आर्क मरतो किंवा मशीन बंद पडतं. बाजूला उभा असलेला म्हणतो, 'तुझा हातच बसत नाही.' आणि आपल्यालाही ते पटतं. हे पटणंच जास्त वाईट, कारण त्यापायी चांगली चांगली पोरं हे काम सोडतात.

म्हणून असं करा. एकाला शेजारच्या सॉकेटला मल्टिमीटर लावून उभं करा आणि तुम्ही रॉड चालवा. रॉड जळत असताना जो आकडा दिसतो तोच खरा. मग एक्स्टेन्शनच्या टोकालाही तसंच मोजा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमची वायर. ती चार एमएमची, तांब्याची घ्या, म्हणजे तेवढ्याच लांबीला सहाएक व्होल्टच पडतील. रीळ पूर्ण उलगडा. गुंडाळलेली वायर तापते आणि तिचं आवरण वितळतं. सॉकेटवरच व्होल्टेज पडलेलं असेल तर सकाळी लवकर सराव करा, आणि मीटरपासून वेगळी लाईन वायरमनकडून टाकून घ्या. खांबावर आकडा टाकून मशीन चालवू नका. तो गुन्हा तर आहेच, पण त्यात जीव जातो.

मशीन कोणतं, यावर माझं मत स्पष्ट आहे. घरच्या सिंगल फेजवर इन्व्हर्टरच. जुने उस्ताद ट्रान्सफॉर्मरचीच शिफारस करतात, ते टिकाऊही असतं, पण ते घरच्या लाईनीवर फार ओढतं आणि हलवायला दोन माणसं लागतात. साधं चांगलं इन्व्हर्टर 6 ते 10 हजारांत येतं. त्याच्या पाटीवर ड्यूटी सायकल पाहा. 60 टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं काम, चार मिनिटं आराम, आणि तेही 40 अंश तापमानाला. भुसावळ-जळगावचा मे महिना 44-45 ला जातो. तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये पाटीवरचे 60 टक्के मिळत नाहीत. थर्मलचा, म्हणजे मशीन तापल्याचा, दिवा लागला तर मशीन बिघडलं असं समजू नका. बटण बंद न करता पंखा चालू द्या. आणि ग्राइंडरची ठिणगी मशीनच्या जाळीकडे जाऊ देऊ नका. लोखंडाची भुकटी आत ओढली गेली की सर्किट जातं.

गॅसशिवाय चालणाऱ्या वायरच्या मशीनचा मोह पहिल्याच वर्षी नको. वायर आपोआप पुढे येते, शिवण दिसायला छान येते, आणि बऱ्याचदा आतलं लोखंड एकमेकांत मिसळलेलंच नसतं. रॉडवर हात बसलेला माणूस वायर लवकर शिकतो, उलटं होताना मी पाहिलेलं नाही.

सराव भंगारातल्या सहा एमएमच्या पट्टीवर करा. रॉड 6013 या प्रकारचा, पुड्यावर आयएस 814 हा भारतीय मानकाचा नंबर लिहिलेला. पावसाळ्यात उघडा पुडा ओल धरतो, झाकणाच्या डब्यात ठेवा. टोक आणि पट्टी यांत रॉडच्या जाडीएवढंच अंतर, आणि नजर उजेडावर नाही, मागच्या वितळलेल्या थेंबावर. तो थेंब ज्या दिवशी दिसू लागतो, त्या दिवशी अर्धी लढाई जिंकली. तो दिवस येतो, धीर सोडू नका. मग दोन पट्ट्या काटकोनात जोडा, शिकंज्यात धरा आणि हातोड्यानं मोडा. मोडलेल्या जागी एका पट्टीची कड जशीच्या तशी असेल तर तो सांधा नव्हता, वरचा लेप होता.

उस्ताद असा धरा जो तुमच्या हातात रॉड देतो. वर्षभर फक्त ग्राइंडर धरायला लावणारा काही शिकवत नाही. ज्याच्याकडे मी शिकलो त्यांचा पहिला प्रश्न असायचा, 'भो, लाईट किती शे?' म्हणजे व्होल्टेज किती आहे. वय आणि सवड असेल तर आयटीआयचा वेल्डर ट्रेड एक वर्षाचा आहे. घरच्या मशीनवर उभी आणि डोक्यावरची शिवण शिकायला जी अडचण येते, ती तिथं येत नाही.

डोळे उघडे ठेवून टाका मारणाऱ्याचं कौतुक करू नका. त्याचा त्रास त्याच रात्री सुरू होतो, डोळ्यांत वाळू भरल्यासारखा. बटाट्याच्या चकत्या ठेवत बसण्यापेक्षा डॉक्टर गाठा. काच 10 किंवा 11 नंबरची वापरा. जीआय पाईपवरचं जस्त घासून काढा आणि उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ न करता, वारा आडवा येईल असं बसा. त्या पांढऱ्या धुरानं रात्री थंडी-ताप भरतो आणि दूध-गुळानं तो अडत नाही. घामानं ओले हातमोजे बदला. डिझेलच्या किंवा फवारणीच्या रिकाम्या पिंपाला कधीच रॉड लावू नका, धुतलेलं असलं तरी. ट्रॅक्टरवर काम असेल तर बॅटरीची तार आधी सोडा, आणि अर्थिंगचा चिमटा सांध्याच्या अगदी जवळ लावा. लांब लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंग खराब होतं.

पहिल्या वर्षी खाटेची चौकट, कुंडीचं स्टँड, गेटाची कडी, इतकीच कामं घ्या. ट्रॉलीचा हूक, पोरांचा झोका आणि पाण्याच्या टाकीचा मनोरा शेजाऱ्यानं कितीही गळ घातली तरी घेऊ नका. त्याला तुमच्या उस्तादाचा पत्ता द्या.