आषाढातली धिंगरी सादळू नये म्हणून

गगनबावडा, राधानगरी, आजऱ्याकडच्या शेडमध्ये या दिवसांत धिंगरी अळिंबीला (ऑयस्टर मशरूमला) फारसं काही करावं लागत नाही. 20 ते 30 अंश तापमान आणि 80-85 टक्के आर्द्रता तिला आयती मिळते, त्यामुळे बेड, म्हणजे अळिंबीचं बी भरलेल्या भुशाच्या पिशव्या, भराभर खुलतात. पंचगंगेला पाणी चढलं आणि कोल्हापूर शहराकडची गाडी अडली, की हाच माल डोक्याला ताप होतो. मग तो वाळवायला काढला जातो, पण ज्या दमट हवेत तो वाढला ती हवा त्याला वाळू देत नाही.

ताज्या धिंगरीत सुमारे 90 टक्के पाणी असतं. तोडल्यानंतरही ती श्वास घेत राहते, तापते आणि स्वतःच्याच घामाने ओली होते. संध्याकाळी तोडून क्रेटमध्ये दाबून ठेवली आणि सकाळी ड्रायरला लावली, तर रात्रभरात ती चिकट झालेली असते. नासाडीची सुरुवात बहुतेक वेळा इथेच होते आणि दोष मात्र ड्रायरला लावला जातो. वाळवायचा माल सकाळी तोडावा आणि दोन-तीन तासांत जाळीवर पसरावा. तोडणीच्या आदल्या संध्याकाळपासून बेडवर पाणी मारू नका. छत्रीची कड वर वळायच्या आत तोडा. उशीर झाला तर बीजाणूंची पांढरी भुकटी सुटते, शेडमध्ये खोकला लागतो आणि माल वाळल्यावर चुरा होतो.

धिंगरी धुऊ नका. भुसा, पाचट चिकटलं असेल तर कोरड्या फडक्याने किंवा ब्रशने झटका. बुडाचा कडक देठ कापून टाका, घोस सुटा करा आणि मोठ्या छत्र्या हाताने उभ्या फाडून दोन बोटांच्या पट्ट्या करा. जाळीवर एकच थर द्या, एकावर एक नको. बटण अळिंबी असेल तर चार-पाच मिलिमीटरच्या चकत्या पाडा.

आता उष्णतेचं. बाहेरची हवा 25 अंशांची आणि 90 टक्के आर्द्रतेची असेल, तीच 50 अंशांपर्यंत तापवली तर तिची आर्द्रता साधारण 23 टक्क्यांवर येते. अशी तहानलेली हवा मालातून पाणी ओढते. पण ओढलेलं पाणी बाहेर जायलाही वाट हवी. खोलीत हिटर लावून दारं-खिडक्या गच्च बंद केल्या तर माल वाळत नाही, वाफवला जातो. वर एक्झॉस्ट फॅन आणि खाली हवा आत यायला फट, एवढी सोय ठेवाच.

सुरुवातीचे दोन-तीन तास 40 ते 45 अंश ठेवा, नंतर 50 ते 55. घाईने पहिल्यापासूनच 65-70 अंशांवर टाकलं तर वरचं कातडं कडक होतं, आतलं पाणी अडकतं आणि रंग तपकिरी पडतो. ट्रे ड्रायरमध्ये आठ ते बारा तास धरा. मधे एक-दोनदा ट्रेंची वर-खाली अदलाबदल करा. मधेच वीज गेली तर दार उघडं टाका आणि ट्रे सुटे मांडा. बंद ड्रायरमधला कोमट, अर्धवट वाळलेला माल बुरशीला फार आवडतो. चुलीच्या धुरावर वाळवायचा मोह होतो, पण धुराचा वास मालात बसला की तो जात नाही.

वाळली हे ओळखायचं कसं? “हाताला कोरडी लागतीया की,” असं नेहमी ऐकू येतं. हात फसवतो, कारण गरम माल कोरडाच लागतो. एक पट्टी बाहेर काढून पाच मिनिटं गार होऊ द्या आणि मोडा. पापडासारखी कटकन मोडली तर झाली, वाकली तर परत आत. त्याहून खात्रीचा साक्षीदार वजनकाटा. 10 किलो ताज्या मालाचा 900 ग्रॅम ते 1 किलो 100 ग्रॅम माल निघायला हवा. 1 किलो 400 ग्रॅम भरला तर आनंद मानू नका, त्यात अजून पाव हिस्सा पाणी आहे.

यापुढची चूक मी स्वतः केली आहे. रात्री उशिरा ड्रायरमधून काढलेला माल तसाच गरम पिशव्यांत भरला, तोंडं बांधली आणि झोपलो. सकाळी पिशव्यांना आतून दव होतं आणि आठवड्यात हिरवट ठिपके दिसले. माल आधी पूर्ण गार करावा, पण या हवेत अर्ध्या-पाऊण तासापेक्षा जास्त उघडा ठेवू नये, नाहीतर पुन्हा सादळतो. गार झाल्यावर काचेच्या किंवा पारदर्शक बरण्यांत सैल भरून आठवडाभर ठेवा आणि रोज एकदा हलवा. बरणीच्या काचेवर ओल दिसली किंवा पट्ट्या एकमेकींना चिकटल्या तर 50 अंशांवर पुन्हा तास-दोन तास वाळवा.

मग जाड पिशव्यांत 50 किंवा 100 ग्रॅमच्या मापाने सीलबंद करा, सोबत खाद्यपदार्थांसाठीची सिलिका जेलची पुडी टाका. मोठं पोतं दर वेळी उघडलं की दर वेळी ओल आत जाते. पिशव्या फळीवर, भिंतीपासून दूर, अंधारात ठेवा. आणि कांदा-लसूण मसाल्याच्या डब्याशेजारी नकोत, वाळलेली अळिंबी वास पटकन धरते.

बुरशी दिसली तर तेवढाच भाग काढून उरलेला पुन्हा तापवून विकू नका. बुरशीने सोडलेलं विष वाळवून जात नाही. ती पिशवी खतात टाका. रानातून आणलेल्या, नीट ओळख न पटलेल्या छत्र्यांचंही तसंच, वाळवल्याने विषारी छत्री खाण्याजोगी होत नाही.

उन्हावरची वाळवण ऑक्टोबरसाठी राखून ठेवा. शिरोळ, हातकणंगलेकडे तेव्हा चांगलं ऊन पडतं. जाळीवर पातळ सुती कापड टाकून वाळवा आणि दुपारी चार-साडेचारलाच माल आत घ्या, सूर्य कलला की हवेतली ओल परत येते.